सांडव्यावरचा माणूस

ईशान, मैत्रेयी,

परवाच्या व्हिडिओ कॉलवर मी तुमच्या त्या नेत्याविषयी एक साधा प्रश्न विचारला आणि ईशान पटकन म्हणाला, "आजी, त्यांच्याबद्दल असं नको ना बोलू." तू रागावला नव्हतास. उलट मला जपल्यासारखं हळू बोललास. त्यानंतर रात्रभर माझा डोळा लागला नाही, कारण तो आवाज मी पूर्वी ऐकला आहे. इतकाच हळू, इतकाच काळजीचा. तो ज्यांचा होता त्या वामनराव कापगत्यांना तुम्ही पाहिलेलं नाही. म्हणून आज टेबल आवरून लिहायला बसले आहे. आधी माणूस सांगते, मग काय झालं ते.

साहेबांचा फोन आला की वामनराव पायातल्या चपला काढून उभे राहत. साहेब म्हणजे आमच्या भागाचे नेते. त्यांचं नाव इथे कोणी घेत नाही, मीही घेत नाही. ते स्वतः कशाला फोन करतील? दिवाळीला सगळ्या मतदारांना त्यांच्या आवाजातल्या ठरावीक शुभेच्छा येत, तोच तो फोन. पण वामनराव अंगणात अनवाणी उभे राहून, मान लववून ऐकत आणि शेवटी म्हणत, "हो साहेब, तुम्हालेबी." एकदा मी त्यांना म्हटलं, अहो, ते रेकॉर्डिंग आहे, पलीकडे कोणी नाही. ते हसले. "आवाज तं त्यायचाच हाये ना, बाई."

ते आमच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, मी इंग्रजी शिकवायची. घरं पाठीला पाठ लागून. त्यांच्याइतका मऊ माणूस मी शाळेत पाहिला नाही. पोरांच्या चित्रात हत्तीला पाच पाय असले तरी ते म्हणत, "एक जास्तीचा हाये, राहू दे, कामी येईन." त्यांची बायको, यशोदावहिनी, एकदा बाळंतपणात अडल्या तेव्हा हमरस्त्यावरच्या कोहमाऱ्याच्या दवाखान्यातून नागपूरला न्यायला साहेबांनी स्वतःची गाडी पाठवली होती. मूल गेलं, वहिनी वाचल्या. त्या दिवसापासून वामनराव साहेबांचे झाले. सुरुवात अशी होती, हे मुद्दाम सांगते. वामनराव वेडे नव्हते. ते उपकार विसरले नव्हते, इतकंच.

पण हळूहळू घरातल्या देवांच्या फोटोंच्या रांगेत एक फोटो वाढला. सख्ख्या भावाने साहेबांच्या पोटावरून विनोद केला, तर वामनरावांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. रस्ता उखडला, धानाची खरेदी थांबली, काहीही झालं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "साहेबाले माहीत असन. इचार करूनच केलं असन." आणि गावही त्यांच्यासारखंच होत गेलं. साहेबांच्या वाढदिवसाला मंडपात कोण आलं नाही, हे लोक लक्षात ठेवू लागले. न येणाऱ्या एका टेलराकडे कोणी कापड टाकेना. दुकान बंद करून तो गोंदियाला गेला. मी माझ्याच ओसरीत बसून बोलताना आवाज खाली आणू लागले.

आता तलावाचं. आमचा तलाव वामनरावांच्या पूर्वजांनी बांधला; ते कोहळी, तलाव बांधण्यात नावाजलेला समाज. मातीची लांब पाळ आणि टोकाला जास्तीचं पाणी निघून जायला दगडी सांडवा. पाळीच्या खाली टोली: बौद्ध मंडळींची घरं, त्यांचं विहार, आणि आमची शाळा. दर आषाढात, आखाडीच्या सणाला, कापगत्यांच्या घरचा मोठा माणूस सांडव्यातलं गवत स्वतःच्या हाताने उपटायचा, मगच त्या घरात सणाचं ताट वाढलं जायचं. सांडव्यात काडीसुद्धा अडकू द्यायची नाही, हे त्या घरातल्या पोराला चालायच्या आधी कळायचं.

एका वर्षी साहेबांचा वाढदिवस आमच्या तलावावर करायचं ठरलं. साहेब जलपूजन करणार. राजू ठेकेदाराने त्यासाठी टाइल्सच्या पायऱ्या बांधल्या. पण पायऱ्या सांडव्याच्या पातळीहून वर पडल्या, त्यात पाऊस कमी; पाणी पायरीला लागेना. साहेब काय चिखलाची पूजा करतील? राजूने तोडगा काढला: सांडवा वाळूच्या पोत्यांनी बंद करायचा, येईल तेवढं पाणी अडवून चढू द्यायचं. पहिलं पोतं ठेवायचा मान त्याने वामनरावांना दिला. पोत्याला हार घातला होता. वामनरावांनी ते दोन्ही हातांनी, नैवेद्य ठेवावा तसं ठेवलं.

मग पाऊस आला, आणि थांबेचना. पाणी पायऱ्यांच्या वर गेलं. सकाळी फिरायला गेले तर पाळीच्या खालच्या बाजूने पाणी पाझरत होतं, आणि ते गढूळ होतं. पाझर नितळ असला तर भ्यायचं नाही, गढूळ झाला म्हणजे पाळीची माती आतून वाहून चालली, हे मला वामनरावांनीच एकदा शिकवलं होतं. मी तशीच त्यांच्या दारात गेले. ते साहेबांचं चित्र रंगवत होते. माझं ऐकून त्यांनी ब्रश ठेवला, मग परत उचलला.

"बाई, हे कोनाले सांगू नका."

"आणि टोली?"

"परवा साहेब येऊन राहिले. त्यायचे पाय लागले का काही होत नाही."

ते अगदी हळू, माझ्या काळजीने बोलत होते. ईशान, तो आवाज हाच. त्यांना सगळं कळत होतं. कळत असूनही माणूस असं बोलू शकतो, याची मला पाण्याहून जास्त भीती वाटली.

मी तहसील कचेरीत फोन केला. बघतो म्हणाले. संध्याकाळी राजू ठेकेदार माझ्या फाटकाशी आला. पाणी मागून प्यायला, जास्वंदीचं कौतुक केलं. मग म्हणाला, "मॅडम, नातवंडं बाहेरदेशी ना? तुम्ही एकट्याच. माहौल खराब मत करो." आणि फाटक नीट लावून गेला. टोलीत जाऊन मी दोन घरी सांगितलं. त्यांना माझ्याआधीच ठाऊक होतं. एक बाई म्हणाली, आम्ही पोतं काढलं तर उद्या म्हणतील साहेबाच्या जागेवर या लोकांनी हात टाकला. त्या घरात सामान बांधून ठेवलेलं होतं.

वाढदिवसाच्या सकाळी मंडप, भोंगे, झेंडे. मी गेले, कारण न जाण्याची हिंमत नव्हती. साहेबांची गाडी कोहमाऱ्याहून निघाली, असं भोंग्यावर सांगितलं. वामनराव पांढऱ्या कपड्यांत, हातात आरतीचं ताट. ते पाळीवरून सांडव्याकडे चालू लागले. लोकांना वाटलं, तिकडूनच ओवाळणार. सांडव्याशी त्यांनी ताट खाली ठेवलं, चपला काढल्या आणि पाण्यात उतरले.

आधी त्यांनी स्वतः ठेवलेलं पोतं काढलं, ज्याचा हार कुजून गेला होता. मग दुसरं. राजू ओरडत धावला, "अरे मास्तर, पागल झाला का? दहा मिनिटं थांब ना." वामनरावांनी पुढचं पोतं उचललं. चार-सहा पोती निघाली आणि पाण्याने बाकीची आपणच उचलून फेकली. सांडव्यातून असा आवाज निघाला की भोंगा ऐकू येईना. सगळं पाणी नाल्याकडे वळलं. टाइल्सच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडल्या, चिखलाने माखलेल्या.

साहेबांची गाडी मंडपाशी आली तेव्हा तिथे पूजेजोगं काही उरलं नव्हतं. काच खाली झाली नाही. गाडी जागच्या जागी वळली आणि गेली. वामनराव कमरेइतक्या पाण्यात उभे होते, गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून.

मग लोकांनी त्यांना बाहेर ओढलं. सदरा फाटला, ओठ फुटला. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. ते एकच विचारत होते, "साहेब रागावले का हो?"

पुढचे काही महिने ते पहिल्या बसने गोंदियाला जात, साहेबांच्या बंगल्याबाहेर बाकावर बसत. चपला फाटकाबाहेर. एकदाही आत बोलावलं गेलं नाही. मी त्यांना एकदा म्हटलं, वामनराव, तुमच्यामुळे टोली वाचली, शाळा वाचली. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "तसं म्हनू नका, बाई. साहेबाच्या दिवशी मी पानी काढलं." मी त्या वेळी घरी आले आणि दार आतून लावून घेतलं. भर दुपारी. कोणापासून, ते आजही सांगता येत नाही.

दिवाळीपर्यंत ते खाटेला लागले. दर वर्षीसारखा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. त्यांना उठवेना, वहिनींनी फोन कानाशी धरला. "माह्या चपला काढ," ते म्हणाले. पायात काही नव्हतंच. वहिनींनी तरी त्यांच्या पायांवरून हात फिरवला, काढल्यासारखा. पलीकडचा आवाज म्हणाला, आपणा सर्वांवर माझं असंच प्रेम राहील. वामनराव रडायला लागले. "साहेब, चुकलं," ते म्हणत होते, पण फोन केव्हाच बंद झाला होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, साहेबानं माफ केलं."

तुळशीचं लग्न व्हायच्या आत ते गेले.

साहेबांकडून कोणी आलं नाही. खांदा द्यायला टोलीतली माणसं आली, आणि न बोलणारा भाऊ.

तुम्ही कोणाला मानावं, हे मी सांगणार नाही. इथे काय उरलं आहे, तेवढं सांगते. कापगत्यांच्या भिंतीवर साहेबांचा फोटो आहे आणि यशोदावहिनी त्याला रोज फूल वाहतात. वाढदिवसाचा मंडप दर वर्षी तलावावर उभा राहतो. त्या सकाळी वहिनी सांडव्याच्या दगडावर जाऊन बसतात आणि साहेबांची गाडी परत जाईपर्यंत तिथून उठत नाहीत. मी त्यांच्याशेजारी बसते. भीती अजून वाटते. टोलीत चुली पेटतात, शाळा भरते. सांडवा मोकळा आहे.