शोकसभेतली हुर्यो

मुलांनो, तुमच्या आईने सभेत कुणीतरी काढलेला व्हिडिओ पाहिला आणि मला फोन करून विचारलं, "आई, शोकसभेत तू लोकांना हुर्यो उडवायला लावलीस?" हो, लावली. का लावली ते क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून अर्धवट कळायला नको.

ज्यांची ती सभा होती ते धंदेवाईक पैलवान होते. तिकीट लावून होणाऱ्या फ्री-स्टाइल कुस्त्या ते खेळत. त्यांत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असे. त्यांच्याकडे दुष्टाचं काम होतं. काळा झगा घालून यायचं, पंचाला ढकलायचं, प्रेक्षकांचा अपमान करायचा आणि शेवटी हरायचं. मूळचे ते पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या शेतकरी घरातले, तालमीत तयार झालेले. या धंद्यात शिरले तेव्हा तालमीने भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवला.

माझा त्यांचा संबंध इंग्रजीमुळे आला. सदाशिव पेठेत माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास होता. एका दुपारी हे गृहस्थ आले आणि मुलींच्या बाकावर जपून, अर्धेच बसले.

"बाई, मला इंग्रजीत अपमान करायला शिकवा."

"कोणाचा?"

"पब्लिकचा. खेळाचा मालक म्हणतो, दुष्ट परदेशातनं आलेला पायजे."

मी त्यांना सांगितलं, इंग्रजीत अपमान केलात तर अर्ध्या लोकांना कळणार नाही आणि उरलेले अर्धे तुमचं व्याकरण तपासतील. त्यापेक्षा मराठीत करा. आवाज चढवू नका, शिवी देऊ नका, 'आपण' म्हणा. मग मीच त्यांना वहीच्या दोन पानांवर वाक्यं लिहून दिली. "आपण उभे का राहिलात? उंचीत फरक पडलेला नाही." "टाळ्या वाजवून दमू नका, उद्या कचेरीत फायलींवर हात ठेवून बसायचं आहे." अशी दहा-बारा. पहिल्याच खेळात लोकांनी संत्र्याची सालं फेकली. पुढे पुढे तर माणसं अपमान करून घ्यायलाच येऊ लागली.

माझी एक अट होती, माझं नाव कुठे यायचं नाही. क्लासच्या मुलींच्या आयांना कळलं तर क्लास बंद पडेल, असं मी म्हणत असे. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. तुमचे आजोबा मला एकदा खेळाला घेऊन गेले, तेव्हा बायकांच्या बाजूला बसून मीही तोंडाला रुमाल लावून हुर्यो उडवली. त्या दिवशी आमच्या या दुष्टाने एका कोवळ्या पैलवानाला डोक्यावर उचलून आपटलं. नंतर भेटले तेव्हा मी विचारलं, त्या पोराची मान मोडली असती तर? ते म्हणाले, "बाई, आपटताना त्याची मान माझ्या हातात असती. त्यो घरी धड गेला पायजे. माझ्या खांद्याचं मी बघतो."

त्यांचा खांदा कायमचा गेला. गुडघेही गेले. त्यांच्या हातून मात्र कुणी जायबंदी झाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

ते गेले तेव्हा त्यांच्या जुन्या चाहत्यांनी कर्वेनगरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये सभा ठरवली. हे चाहते म्हणजे आता पेन्शनीत निघालेली माणसं. सभा भरवणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन, थोडे भित्रे. त्यांनी अध्यक्ष म्हणून त्याच तालमीच्या वस्तादांना बोलावलं. वस्तादांनी यायचं कबूल केलं, पण फ्री-स्टाइलचा उल्लेख झाला तर उठून जाईन असं सांगितलं. त्यामुळे छापलेल्या पत्रकात 'लाल मातीचे निष्ठावंत सेवक, निर्व्यसनी मल्ल' एवढंच होतं.

ते पत्रक घेऊन पैलवानांच्या पत्नी माझ्या घरी आल्या.

"बाई, ह्यो कोन हाय?"

"तुमचे यजमान."

"माझा मानूस ह्यात कुठं हाय? दोन वर्सं मातीत खेळला, त्याचं समदं लिवलंय. वीस वर्सं हरला, त्याची एक ओळ न्हाई. त्या हरन्यावर माझ्या पोरी शिकल्या. आता मेल्यावर त्याला चोरागत लपवायचा का?" त्यांनी पत्रकाची घडी घातली. "वाक्यं तुमी लिवून दिल्याली, मला ठावं हाय. त्यांनी कुनाला सांगितलं नाही, पन मला सांगितलं. आता तुमी बोला."

मी चहा ठेवला, बँकवाल्यांना फोन लावला आणि सभेत फ्री-स्टाइलबद्दल बोलायला वेळ मागितला.

"अहो बाई, वस्ताद उठून जातील."

"दार उघडं ठेवा."

"पण ते सगळं सोंग होतं हो."

"आपण दर शनिवारी नाटकाला जाता. मेलेला नायक पडदा पडल्यावर उठून चहा पितो, त्याला खोटारडा म्हणता का?"

त्यांनी फोनवरच वक्त्यांची यादी वाचून पाहिली. मग म्हणाले, "पाच मिनिटं देतो. जपून बोला."

सभेला साठेक माणसं होती. फेटा बांधलेला फोटो, हार, उदबत्ती. चार भाषणं झाली आणि चारही कुठल्याही पुण्यवान माणसाला चालली असती. मग दोन मिनिटं शांतता पाळायची सूचना झाली. सगळे उभे राहिले, माना खाली. त्या शांततेत पहिल्या रांगेतून पैलवानांच्या पत्नी हळू आवाजात म्हणाल्या, "एवढं गप त्याच्यापुढं कधी कोन ऱ्हायलं न्हाई." सगळ्यांना ऐकू गेलं.

त्यानंतर माझं नाव पुकारलं. मी कागद नेला होता, तो उघडलाच नाही. म्हटलं, "कै. पैलवान आपला जो अपमान करत, तो मी लिहून देत असे. इतकी वर्षं सांगायचं धाडस झालं नाही. आज त्यांच्या वतीने शेवटचा करते." आणि त्यांचं नेहमीचं सुरुवातीचं वाक्य म्हटलं, त्यांच्याच सावकाश चालीत: "आपण वेळात वेळ काढून आलात. घरी आपली कुणाला गरज नाही, हे समजलं."

मग मागच्या रांगेतल्या टक्कल पडलेल्या एका गृहस्थांनी तोंडापाशी हात नेला आणि लांबलचक हुर्यो दिली. त्यांच्यामागून दुसऱ्यांनी, तिसऱ्यांनी, मग अख्ख्या हॉलने. काठीवाले काठ्या आपटू लागले.

वस्ताद उठले. "बाई, हा पैलवानाचा अपमान चाललाय."

"हे त्यांचं काम होतं, वस्ताद. अपमान आपण केलात, भिंतीवरचा फोटो काढून. आपटताना समोरच्याची मान स्वतःच्या हातात धरायची, ही विद्या त्यांनी आपल्याच तालमीत शिकून बाहेर नेली. आपण तिचं श्रेय घ्या आणि बसा."

ते बसले नाहीत. बँकवाले त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले, वस्तादांची गाडी निघेपर्यंत हात जोडून थांबले. परत आले, दार लावून घेतलं आणि सगळ्यांत मोठ्याने त्यांनीच हुर्यो दिली. पैलवानांच्या पत्नी खुर्चीवरून उठून लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, "जोरात. त्याला शेवटी कमी ऐकू यायचं."

पुढचं तुमच्या आईला ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली. शोकसभेसाठी दिलेल्या हॉलमध्ये हुल्लडबाजी झाली, रहिवाशांच्या दुपारच्या विश्रांतीत व्यत्यय आला, तरी आयोजकांनी लेखी माफी मागावी. बँकवाले ती घेऊन घाबरत माझ्याकडे आले. मी त्यांना बसवलं आणि उत्तर लिहून दिलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे:

"स. न. वि. वि. आपली नोटीस मिळाली. कै. पैलवानांच्या सभेत शोक त्यांच्या इतमामाला शोभेल असाच व्यक्त झाला. काही वयस्कर सभासदांचा आवाज कमी पडला, त्याबद्दल खेद आहे. माफी मागितली जाणार नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी हॉल पुन्हा हवा आहे, दुपारी तीन ते पाच. विश्रांती घेणाऱ्यांनी त्या दिवशी लवकर जेवून घ्यावं. कळावे."

खाली बँकवाल्यांनी सही केली. एकट्याची सही जड वाटते म्हणाले, म्हणून दुसरी सही मी माझ्या पूर्ण नावाने केली.