मास्तरांनी नीट केलेला पडदा

मास्तरांना निम्मं गाव कमरेवरून ओळखू येई. चेहऱ्यावरून एकही माणूस नाही. कपड्यांच्या दुकानामागच्या खोलीत ते एकटे बसून शिंपीकाम करत, लोकांच्या पँट आखूड करत. गिऱ्हाईक समोर आलं की तोंडात टाचण्या धरत. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, हा शोध त्यांनी विसाव्या वर्षीच लावला होता. मुलगी शाळेत जाईपर्यंत त्यांना त्याचा अभिमानही होता.

मुलगी, ठकी, सहा वर्षांची. घरात अखंड बडबड, बाहेर तोंडाला कुलूप. वर्षभरात ती वर्गात कुणाशी एक शब्द बोललेली नाही, मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभी असते, असं शाळेच्या बाईंनी सांगितलं.

"तुमच्यावर गेलीय," बायको म्हणाली.

मास्तरांनी वाद घातला नाही. वाद घालायला बोलावं लागतं. पण भिंतीला टेकलेली ठकी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिने आपल्यासारखं होऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरणाऱ्या मुलांच्या गटात तिला घातलं. गट चालवणाऱ्या ताईंचा एकच नियम होता: काहीही एकट्याने करायचं नाही. बाहुल्यांच्या खेळासाठी पडदा शिवायचा होता. एकाने तुकडा धरायचा, दुसऱ्याने टाका घालायचा, मग अदलाबदल. चिंध्या मास्तरांनीच पुरवल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून ते टाके बघत राहिले. काय ते टाके! एक पूर्वेला, तर एक पश्चिमेला. तिसऱ्या रविवारी दोन वेण्यांच्या एका मुलीने ठकीसमोर निळा तुकडा धरला. ठकी मुकाट्याने टाके घालत होती. तुकडा तिरका झाला, ठकीचा पिवळा तुकडा त्याच्यावर चढला आणि दोघी खुदकन हसल्या. मास्तरांना ते हसू ऐकूच आलं नाही. ते चढलेला कोपरा बघत होते.

"पडदा घरी नेतो. इस्त्री करून आणतो," ते ताईंना म्हणाले.

मनात खरोखर इस्त्रीच होती. पण जित्याची खोड! शनिवारी दुपारी त्यांनी एक टाका उसवला, मग दुसरा, आणि संध्याकाळपर्यंत अख्खा पडदा उसवून मशीनवर पुन्हा शिवला. रंग शोभावेत म्हणून तुकड्यांच्या जागाही बदलल्या. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरेना, म्हणून त्यांनी मशीनला थोपटलं.

रविवारी पडदा उलगडला आणि मुलं आपापला तुकडा शोधू लागली.

"माझा कुठाय?"

"आमचे दोन्ही शेजारी होते!" दोन वेण्यांची मुलगी रडवेली झाली.

ताईंनी फक्त मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी सवयीने ओठ मिटले, पण आत टाचण्या नव्हत्या. पोरांनी तीन रविवार एकत्र बसून जे जोडलं होतं, ते आपण एका दुपारी उसवलं, हे तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात शिरलं. लाजेने त्यांना जमिनीत जावंसं वाटलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. इतकं मोठं भाषण त्यांनी चारचौघांत स्वतःच्या लग्नातही केलं नव्हतं.

तेवढ्यात ठकी उठली. तिचे कान लाल झाले होते. बोलली ती दोन वेण्यांच्या मुलीशी, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"बाबांना एकट्यानेच करता येतं. सगळ्यांबरोबर नाही येत. आपण त्यांना आपल्यात घेऊ या का?"

मास्तरांचे डोळे भरून आले. बघायला कुणालाच वेळ नव्हता. मुलं पडदा उसवायला लागलीसुद्धा होती. दोन वेण्यांच्या मुलीने नाक पुसलं, विचार केला आणि सुई मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी चार टाके घातले.

"काका, सरळ जातंय!" ती ओरडली. "आमचं असं नव्हतं."

मास्तरांनी ते उसवले, पुन्हा घातले. पुन्हा सरळ. तीस वर्षांची सवय बोटांतून जाईना.

ठकी येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली आणि कापडाचं टोक तिने तिरकं ओढलं.

"मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही घाला. मग अदलाबदल."