शिंप्याचं नाक

गल्लीतल्या शिंप्याला सगळे नाकशेट म्हणायचे, आणि तो चिडायचा तर नाहीच, उलट फुशारायचा. दिवसभर मशीन हाकायचं आणि संध्याकाळी मागच्या अंगणात स्वतः पिकवलेली तंबाखू धुरवायची, हा त्याचा शौक. पत्र्याची खोपी, आत आडव्या काठ्यांना उलटी टांगलेली पानं, खाली ओल्या भुश्याने दडपलेला विस्तव. जाळ नको, नुसता धूर. आणि धुराचं लाकूड निवडायचं ते नाकाने. एकेक ढलपी चाकूने खरवडायची, तळहातावर चोळून ऊब द्यायची, हुंगायची. पेरू असला तर आधी, आंबा बेताने. कडुनिंब सापडला की दूर भिरकावायचा, मेला पान कडू करतो. विषारी चिकाच्या झाडाला तर खोपीच्या आसपासही थारा नव्हता.

अशा माणसाचं नाक हिवाळ्यातल्या तापात गेलं. गेलं म्हणजे पार गेलं, कांदा आणि साबण एकच. पण हे सांगणार कोणत्या तोंडाने? बायकोलाही त्याने पत्ता लागू दिला नाही. ढलप्या पहिल्यासारख्याच खरवडायचा, हुंगायचा, वर मानही डोलवायचा, आणि निवडायचा मात्र रंग नि वजन बघून. सोंग छान वठलं होतं.

त्या दुपारी तो काजं करत बसला होता. बायकोने पाणी आणून ठेवलं आणि सहज म्हणाली, "बरं झालं बाई, त्या कण्हेरीच्या काटक्या संपल्या एकदाच्या."

सुई बोटात घुसली. "कसल्या काटक्या?"

"अहो, कुंपण छाटलं होतं ना मी? सोलून वाळवल्या आणि टाकल्या तुमच्या ढिगावर. म्हटलं, नको असतील तर काढालच वेचून. तुमच्या नाकाला कुठे काय चुकतं!"

कण्हेर! नाकशेटच्या बापाने ती कधी चुलीतसुद्धा घालू दिली नव्हती. आणि त्याच धुरातली डबी त्याने काल आपल्या हाताने दादाला दिली होती. दादा म्हणजे थोरला भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारा, एकटा राहणारा. त्याचं काळीज आधीच दुबळं, जिना चढला की छाती धरून बसायचा.

तो उठला तो अनवाणीच पळत सुटला. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. भर रस्त्यात सायकलवाल्याने शिवी हासडली, ती त्याच्या कानातही शिरली नाही. मारलं मी दादाला, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

दादाचं दार बंद. त्याने कडी वाजवली, हाका मारल्या. आतून चूं नाही की चां नाही. तेवढ्यात दार उघडलं. दादा उभा, आणि तोंडात धुमसता पाइप!

नाकशेटने झडप घालून तो हिसकावला आणि जमिनीवर आपटला.

"अरे, वेडबिड लागलं का?"

"कण्हेर आहे त्यात, दादा! मला वास येत नाही. तापापासून काहीच येत नाही!"

दादाने वाकून पाइप उचलला. "ही बाजारातली होती रे," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझी डबी उघडली तर वासच निराळा आला. नाही ओढली. पण तुला कसं सांगू? मन मोडलं असतं तुझं."

"देवा! मग डबी कुठाय?"

आता दादाचा चेहरा उतरला. "टाकवेना रे. तुझ्या हातची. सकाळी गिरणीच्या पहारेकऱ्याला दिली. कापसाची गिरणी ती, आत काडी ओढायची बंदी. तो पाळी सुटल्यावरच ओढतो..."

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला.

दोघे धावले. कोपऱ्यावर दादा छाती धरून भिंतीला टेकला आणि हातानेच म्हणाला, तू हो पुढे. फाटकातून कामगारांचा लोंढा बाहेर पडत होता. पलीकडच्या फुटपाथवर पहारेकरी भरलेला पाइप तोंडात धरून काडी ओढत होता.

"ओढू नका! विषारी लाकडाचा धूर आहे त्यात!"

पहारेकरी खो खो हसला. "नाकशेट, तुमच्या हातची तंबाखू आणि विषारी? गंमत करता काय गरिबाची!" आणि त्याने पेटती काडी पाइपाकडे नेली.

"माझं नाक गेलंय!" नाकशेट भर रस्त्यात बेंबीच्या देठापासून ओरडला. "मला वास येत नाही हो! हिवाळ्यापासून सगळ्यांना फसवतोय मी!"

काडी पहारेकऱ्याच्या बोटापर्यंत जळत आली, तेव्हा त्याने ती टाकली आणि पाइप तोंडातून काढला.

नाकशेटला रडू फुटलं. डोळे पुसत तो दादाकडे जायला वळला, तर मागे बायको उभी. धापा टाकत होती, आणि हातात त्याच्या चपला होत्या. सगळं ऐकलं होतं तिने.

वाकून तिने चपला त्याच्या पायांपुढे ठेवल्या. "घाला," ती म्हणाली. "काटक्या मी टाकल्या होत्या हो."