साडीच्या घडीतली चिठ्ठी

लग्न होऊन आखाडा बाळापूरला आले तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. सासऱ्यांचं साड्यांचं दुकान होतं. त्यांना मी मामा म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा शाळेवर मास्तर. म्हणून दुपारी मामा जेवायला गेले की गादीवर मी बसायची.

उन्हाळ्यात त्या वेळी गिऱ्हाईक नसायचं. पंख्याच्या वाऱ्यानं टांगलेले पदर हलायचे. डोळे पेंगुळले की वाटायचं, ही नदीच आहे. कापड एकीकडून येतंय, दुसरीकडून वाहून जातंय. पण सगळंच वाहत नव्हतं. मी कॉमर्स शिकलेली. एकदा मामांना विचारलं, "वर्षातून आपला माल किती वेळा फिरतो? म्हणजे आलेला कधी विकून जातो?"

ते हसले. "कापड काय पाव्हणं हाय का माय, कवा आलं न् कवा जाणार इचारायला?"

तरी मी प्रत्येक साडीच्या घडीत आल्याचा महिना लिहून चिठ्ठी ठेवू लागले. साडी गेली की चिठ्ठी काढून मागं विकल्याचा महिना लिहायचा. वर्षानं चिठ्ठ्या मांडून बसले. हिरव्या सुती नऊवारी दीड महिन्यात जात होत्या. वरच्या फळीवरच्या गुलाबी जॉर्जेटची मात्र एकही चिठ्ठी निघाली नव्हती. त्या मामांनी स्वतः सुरतेला जाऊन आणलेल्या.

मी सांगितलं तर मामा चिठ्ठ्यांकडं न बघताच उठून गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी शिडीवर चढून एकेक गुलाबी साडी उजेडात उलगडत होते. घड्यांवर रंग विटून पांढऱ्या रेघा पडल्या होत्या.

"तुझ्या सासूला ह्यो रंग लई आवडायचा," ते हळूच म्हणाले. "आनताना तीच डोळ्यापुढं व्हती."

"मग राहू द्या मामा."

"न्हाई. कोनाच्या अंगावर गेली न्हाई, ती साडी कसली?"

आठवडी बाजारात चादर अंथरून त्यांनी सगळ्या अर्ध्या भावात दिल्या. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं खरेदीला नांदेडला निघालो. जीपमधून दिसलं, पांढऱ्याफेक कापसात वेचणाऱ्या बाया, आणि मधूनमधून तो गुलाबी रंग, वाऱ्यावर फुगलेला. मामांनी जीप थांबवायला लावली. बराच वेळ बघत राहिले.

नांदेडला व्यापारी साड्या उलगडू लागला, तेव्हा ते मागं सरकून बसले.

"माल सूनबाई बघंल," म्हणाले, आणि चहा मागवला.