तू नुस्ता वर ये

खेळायला उतरण्याआधी तो ब्लेडनं दहाही नखं कापायचा आणि बोटांची टोकं गालावर घासून पाहायचा. नख लागलं की चेंडू फिरतो, म्हणायचा. मग माझ्याकडे बघून ठरलेलं वाक्य, "तू नुस्ता वर ये. चेंडू तिथं राहील."

आणि राहायचा की हो! आमच्या कचेरीच्या व्हॉलीबॉल संघात तेव्हा नऊ जण असायचे, जागा पक्क्या. मी जाळीच्या डाव्या कोपऱ्यात, हाणायला. तो मधोमध, उचलून द्यायला. मी हाणला की मैदानाभोवती "वाह मियाँ!" आणि गुणवहीत माझ्या नावापुढे रेघ. त्याच्या नावापुढे वर्षभर काही नाही. ज्यानं चेंडू पाडला त्याचीच रेघ ओढायची, एवढीच आमची अक्कल. तुमच्याही कचेरीत असा रेघ नसलेला एखादा असेल, नीट बघा.

एकदा सरावात मी त्याला डिवचलं, "सोपं काम घेऊन बसलास राव! आज जागा बदलू."

"हौ, बदलू की."

मी मधे उभा राहून वेडेवाकडे चेंडू उचलले आणि त्यानं माझ्या कोपऱ्यातून तेही लागोपाठ चार पाडले. सराव होता, म्हणून वहीत काही आलं नाही. पण मला कळलं. हे लक्षात ठेवा, मला कळलं होतं.

नल्लकुंटा मोहल्ल्यात तो आणि त्याची आई, दोघंच राहायचे. आई आंधळी. त्या दोन खोल्या तिच्या हातापायांना पाठ होत्या. चार पावलांवर माठ, मग चौकट, मग चूल. मी गेलो की भिंतीला हात लावत चहा घेऊन यायची आणि थेंब सांडायचा नाही.

पुढे छप्पन साली भाषेवरून आमच्या राज्याची वाटणी झाली. कचेरीतल्या मराठी कारकुनांना मुंबई राज्याकडे पाठवायचं ठरलं. साहेबांना संघाचं भारी वेड, त्यांनी खटपट करून एका मराठी खेळाडूला ठेवून घ्यायची परवानगी आणली. एकालाच. आणि संघात मराठी आम्ही दोघं.

"माझं काय, मी कुठंबी राहीन," तो मला म्हणाला. "आईला मात्र हीच भिंत पायजे."

मला जायला कसली अडचण होती? कसलीही नाही. संध्याकाळच्या टाळ्या सोडवत नव्हत्या, बस्स.

साहेबांनी मला एकट्याला बोलावून वही उघडली. "इसके नाम पर तो एक भी नहीं! ये करता क्या है?" वही माझ्याकडे फिरवून त्यांनी विचारलं, "इसके बगैर चलेगा?"

"जी, चलेगा."

शी! इतक्या वर्षांनी लिहितानाही तोंड कडू होतं. त्या वहीची किळस येते, साहेबांची येते, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या अदबीच्या 'जी'ची.

काचीगुडा स्टेशनवर मी त्यांना पोचवायलाही गेलो, एवढा निर्लज्ज. साहेबांच्या खोलीतलं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आई डब्याच्या फळीवरून हात फिरवत विचारत होती, "परभणीचं घर केवढं आहे रे?" गाडी हलल्यावर त्यानं खिडकीतून मला सांगितलं, "नवा येईल त्याला नखं कापायला सांग."

सांगितलं. त्यानं कापलीही. पहिल्याच सामन्यात मी उडी मारली आणि चेंडू हातभर मागून गेला. दुसऱ्यांदाही तेच. त्या दिवशी वहीत माझ्या नावापुढेही एक रेघ पडली नाही. साहेब म्हणाले, "होता है." मला त्यांच्याकडे बघवेना.

महिन्याभरानं त्याचं कार्ड आलं. "आई पडली. माठ समजून चार पावलं गेली, तिथं पायरी होती. कंबर गेली, आता अंथरुणावरच आहे. तुमचा संघ कसा आहे?"

मी लगेच उत्तर लिहायला बसलो. "तुझ्यावाचून चालत नाही," असं लिहिलं आणि कार्ड फाडून टाकलं. हे वाक्य साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून बोलायचं होतं.