रिकामं नाव परत कसं द्यायचं

प्रिय ईशान आणि रेवा,

अमरावतीचं घर सोडलं त्या सकाळी टेम्पो भरून झाला तरी तुमचे आबा गच्चीवरून खाली येईनात. मी वर गेले. स्लॅबमधून वर आलेल्या लोखंडी सळयांपाशी ते उभे होते. पुढं कधीतरी वरचा मजला चढवायचा म्हणून घर बांधतानाच त्या सोडून ठेवल्या होत्या. गंजू नयेत म्हणून आबा दर पावसाळ्याआधी त्यांना प्लास्टिक गुंडाळायचे. रेवा, तू लहान असताना सुट्टीत यायचीस तेव्हा माझी जुनी पातळं त्या सळयांना बांधून आत घर-घर खेळायचीस. तो मजला तुमच्यासाठीच होता. तुम्ही चौघं आलात की हक्कानं राहायला दोन खोल्या आणि पुढं मोकळी गच्ची, असा आबांचा बेत होता.

"नवे मालक बांधतील," मी म्हटलं.

"बांधू दे. सळया चांगल्या आहेत," आबा म्हणाले आणि खाली आले.

मेधाआत्यानं अकोल्याहून पाठवलेल्या गाडीत आम्ही बसलो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटर थांबली. बाजारातल्या सदाशिव भांडी भांडारचे मालक प्रल्हादभाऊ उतरले. काही वर्षांपूर्वी याच माणसानं आबांना स्वतःच्या दुकानात बसवून असं सुनावलं होतं की आबांनी त्या रस्त्यानं जाणं सोडलं होतं. आज त्यांनी पिशवीतून पितळेचा झाकणाचा डबा काढला आणि खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला.

"वहिनी, अकोल्यात भांडे लय महाग भेटतात."

"कोनं सांगतलं तुमाले?" आबांनी विचारलं.

"मीच सांगून राहिलो ना. गिऱ्हाईक तुटू नाही म्हणून."

दोघं हसले. डबा जड होता. झाकण उघडून पाहिलं तर आत गळ्यापर्यंत साखर.

तुम्ही समुद्र ओलांडून कॅल्गरीला गेलात, त्यापुढं माझं जाणं म्हणजे काहीच नाही. बडनेरा, मूर्तिजापूर, की आलं अकोला. मूर्तिजापूरला चहा घ्यायला थांबलो, तोवर टेम्पो पुढं निघूनही गेला. तरी स्वतःचा गॅस, गाद्या आणि देव दुसऱ्याच्या गाडीत घालून निघालं की शंभर किलोमीटरसुद्धा पुष्कळ वाटतात. लग्न होऊन मी अकोल्याहून अमरावतीला आले तेव्हा आई म्हणाली होती, "तिकडचे लोक अकोल्याला नावं ठेवतील, ऐकून घे, उत्तर देऊ नको." पंचेचाळीस वर्षं मी उत्तर दिलं नाही. आता अकोल्यात मेधाच्या शेजारणी अमरावतीला नावं ठेवतात, तेव्हा मात्र मी देते.

ईशान, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, आबांच्या डोमेन नेमच्या भानगडीतून काय शिकायचं, पाच मुद्द्यांत सांग." तुला तुझ्या सुट्टीतल्या नोकरीचे पैसे अशाच कशात तरी घालायचे आहेत, हे तू तेव्हा बोलला नाहीस, पण तुझ्या आईनं सांगितलं. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि मुलांना मुद्दे काढायला लावले. हे मात्र मुद्द्यांत बसेना, म्हणून सगळंच लिहिते.

आबांचे वडील वरूडचे. संत्र्याचे बगीचे उक्ते घ्यायचे. उक्ते म्हणजे झाडावर नुसता फुलोरा असताना, पुढं फळ किती धरेल याचा अंदाज बांधून, सगळ्या बगीच्याचा एकदम सौदा करायचा. ते झाडाभोवती एक फेरी मारत, एखादी फांदी तळहातावर तोलून बघत आणि आकडा सांगत. आबा लहानपणी त्यांच्या मागं फिरले. पुढं बँकेत शेतीकर्जाच्या विभागात नोकरी केली, तरी डोळा वडिलांचाच राहिला.

निवृत्तीनंतर एकदा ते कुणा ओळखीच्यांबरोबर हॉटेलच्या हॉलमध्ये एका माणसाचं व्याख्यान ऐकायला गेले. इंटरनेटवरची नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, आज स्वस्तात घ्या, उद्या ज्याला गरज पडेल त्याला चढ्या भावानं विका, असं तो सांगत होता. परदेशात एक नाव कोट्यवधींना गेल्याचं त्यानं पडद्यावर दाखवलं. न विकली गेलेली नावं काही त्यानं दाखवली नाहीत. आबा घरी आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं.

"सुमन, हा तर फुलोऱ्यातला सौदा आहे," ते म्हणाले. "आमच्या घरचा धंदा."

त्यानंतर आम्ही संध्याकाळी फिरायला जायचो ते बाजारातून. आबा मान वर करून दुकानांच्या पाट्या वाचत. वडील झाडाकडं बघत, अगदी तसे बघत. दर्यापूरला लग्नाला गेलो तरी तेच, वरूडला गेलो तरी तेच. कोणतं दुकान वाढणार, कोणती नर्सरी पुढं जाणार, कुणाचा मुलगा हुशार आहे, असा अंदाज बांधून घरी येऊन त्या दुकानाचं नाव विकत घेत. एकेका नावाची दोन-दोन स्पेलिंगं. अंदाज पुष्कळसे बरोबर होते, हेही तुम्हाला सांगायला हवं. त्यांनी हेरलेली दुकानं खरंच वाढली.

तरी सौदा बुडाला. संत्रं धरलं तर त्या बहारात विकलं जातं आणि नाही धरलं तर गळून पडतं, एका हंगामात निकाल लागतो. नाव पिकतही नाही आणि गळतही नाही. दर वर्षी त्याचं रिन्यूअल तेवढं भरावं लागतं. संत्र्याला मंडीत दहा व्यापारी बोली लावतात; एका दुकानाच्या नावाला जगात गिऱ्हाईक एकच, आणि त्याचं त्याच्या पाटीवर व्यवस्थित भागलेलं असतं. दोन वर्षं एकही नाव विकलं गेलं नाही. वरच्या मजल्यासाठी ठेवलेले पैसे असे नावांत गेले.

मग आबांनी स्वतःच गिऱ्हाईकाकडं जायचं ठरवलं. पहिलं दुकान प्रल्हादभाऊंचं. आमचा संसारच त्या दुकानातल्या भांड्यांवर उभा राहिलेला, म्हणून मीही बरोबर गेले. आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. प्रल्हादभाऊंनी गल्ल्यावरून उठून समोर स्टूल घेतलं.

"म्हणजे साहेब, आमच्या दुकानाचं नाव तुमच्यापाशी आहे?"

"इंटरनेटवरचं. हो."

"अन् मले ते पायजे असन, तर मी तुमाले पैसे द्याचे?"

"हो."

"सदाशिव कोन, माहीत आहे ना तुमाले? माहा बाप. डोक्यावर पितळेचे गुंड-हंडे घेऊन दर्यापूरच्या बजारात उभा राहे तो. तवा कोनी त्याले नावानं हाक नाही मारे, 'ए भांडेवाल्या' म्हनत. हे पाटी लागली तवा पयल्यांदा लोकाइले त्याचं नाव समजलं. तेच नाव तुमी मलेच विकून राहिले काय?"

आबा उठू लागले.

"चहा घ्या," प्रल्हादभाऊ म्हणाले. "दुकानात आलेल्या मानसाले मी तसाच नाही जाऊ देत."

तो चहा आम्ही प्यायलो. त्याहून कठीण काही मी आबांना करताना पाहिलेलं नाही.

नंतर आबा भाजी आणायलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले. बँकेतल्या नोकरीत ज्या बाजारानं त्यांना उठून नमस्कार केला, त्या बाजारात मान वर करून चालता येतं की नाही, एवढाच प्रश्न त्यांना उरला होता. पैसा गेल्याचं दुःख त्यांनी बोलून दाखवलं होतं. हे बोलून दाखवत नव्हते.

एका दुपारी मी शेजारच्या कुलकर्णी वहिनींची वाटी परत द्यायला निघाले होते. त्यांच्याकडून काहीतरी खायला आलं होतं, वाटी घासून-पुसून मी तिच्यात थोडी साखर घातली. आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, हे तुमच्या आईनं तुम्हाला शिकवलं असेलच. आबा बघत होते.

"मी त्यायचे नावं परत देतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "परत कशाला द्यायची? या वर्षी रिन्यूअल भरू नका, आपोआप सुटतील. पैसेही वाचतील."

"सोडून देलं म्हणजे परत देलं असं नाही, सुमन. मी सोडलं की दुसरा कोनी उचलते. तो अमरावतीचा नसन. प्रल्हादभाऊले त्याच्या दुकानात जाऊन त्याले चार शब्द बोलताही येनार नाही." मग माझ्या हातातल्या वाटीकडं बघत म्हणाले, "अन् रिकामंही नाही देनार."

ईशान, तुला आठवतं का, रविवारी आबा तुझ्याकडून इंटरनेटवर साधं पान कसं तयार करायचं, त्यात फोटो कसा बसवायचा, हे शिकत होते? आबांचा वेळ जात नाही, असं तुला वाटलं होतं. ते यासाठी होतं. ज्याच्या-ज्याच्या पाटीवरचं नाव त्यांनी घेतलं होतं, त्याच्या-त्याच्यासाठी त्यांनी एक पान केलं. दुकानाचा फोटो, वेळ, पत्ता, काय मिळतं ते. इंग्रजी मी तपासलं. पुढच्या काही वर्षांचं रिन्यूअल भरलं. वरच्या मजल्याचं जे उरलं होतं, ते तिकडं गेलं. तुझ्या बाबाला त्यांनी स्वतः कॉल करून सगळं सांगितलं. बाबा म्हणाला, "आधी विचारायचं होतं ना." आबा म्हणाले, "विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस, म्हणून नाही विचारलं." त्यावर बाबाला हसू आलं आणि तो विषय तिथं संपला. तुमचा बाबा गुणी आहे.

नाव परत देणं हे विकण्याइतकंच अवघड निघालं. वरूडच्या नर्सरीवाल्यानं विचारलं, "फुकट काहून देता? याच्यात काही लफडं तर नाही ना?" दर्यापूरच्या एका क्लासवाल्या सरांनी ओटीपी सांगायचंच नाकारलं, बायकोनं बजावलं होतं म्हणे, कुणालाही सांगायचा नाही. आबा म्हणाले, "बरोबर आहे तिचं," आणि दुसऱ्या दिवशी तिलाच समोर बसवून तिच्याच फोनवरून काम केलं. ऊन असो, बसला गर्दी असो, ते जात राहिले. मी चाळीस वर्षं माणसं पाहिली, शाळेत आणि बाहेर. नुकसान सोसणारी पुष्कळ पाहिली. ज्याच्यापुढं मान खाली गेली त्याच्याच दारात आपल्या पायानं पुन्हा जाणारा मी घरातच पाहिला.

प्रल्हादभाऊंकडं ते शेवटी गेले. त्यांच्या सुनेनं फोनवर पान उघडलं. वर दुकानाचा फोटो आणि खाली आबांनी मराठीत लिहिलेली ओळ: 'हे दुकान सदाशिवजींनी सुरू केलं. त्याआधी ते दर्यापूरच्या बाजारात डोक्यावर भांडी घेऊन विकत.' सून वाचत होती आणि प्रल्हादभाऊ चष्मा शोधत होते. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. आम्ही कुणी सांगितलं नाही.

"कोनाले किती द्याचे याचे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"चहा पाजा," आबा म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही जवळच्या रस्त्यानं घरी आलो.

पुढं माझे गुडघे, जिना, मोठ्या घराची साफसफाई आणि मजला आता होणार नाही हे उघड, म्हणून आम्ही घर विकून अकोल्याला मेधाच्या जवळ तळमजल्यावर आलो. इथं नळाला रोज पाणी येत नाही, ऊन अमरावतीपेक्षा दोन पावलं पुढं आहे, आणि मी इथलीच मुलगी असूनही भाजीवाली मला "नवीन आले काय, काकू?" म्हणते. माझ्या वडिलांच्या घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पहिले काही महिने मी अमरावतीची खिडकी, तिथला उजेड मनात लावून बघायची. तुम्हीही पहिल्या हिवाळ्यात तसंच केलं असेल.

ईशान, पैसे कुठं घालायचे ते तू ठरव, तू मोठा आहेस. घालण्याआधी एवढं बघ की तू जे विकायला निघालास, ते घेणाऱ्याचं स्वतःचंच तर नाही. आणि चुकलंच, तर आबांसारखं चूक.

प्रल्हादभाऊंचा तो डबा आम्ही दिवाळीत अमरावतीला परत पाठवला, मेधाच्या हातच्या शेवेनं भरून. संक्रांतीला तो तिळाचे लाडू घेऊन आला. आता गव्हाच्या शेवया घेऊन गेला आहे. आपल्याकडचं एखादं भांडं कुणाच्या ओट्यावर आणि कुणाचं आपल्या फळीवर, एवढं जमलं की ते गाव माझं झालं असं मी आता धरते. त्या हिशेबानं मला दोन घरं आहेत. अकोल्यातही वरच्या मजल्यावरच्या बाईंची एक कढई आली आहे, तिच्यात काय घालावं या विचारात मी सकाळपासून आहे.

तुमच्या तिकडच्या शेजाऱ्यांकडं तुमचं काही भांडं आहे का, ते मला पुढच्या रविवारी सांगा. नसेल तर एखादं भरून द्या. पितळेचा डबा पाठवला असता, पण तो सध्या अमरावतीला आहे.

तुमची,
आजी