फेलेतीचे दात आणि मधे बसलेली आत्या

फेलेती हा टोंगा बेटांवरच्या आमच्या गावच्या चर्चच्या बँडमधला कॉर्नेटवाला, म्हणजे छोटा ट्रम्पेट फुंकणारा. होडी ओढताना वल्ह्याचा दांडा तोंडावर बसला आणि वरचे समोरचे दोन दात समुद्राला गेले. तेव्हापासून कॉर्नेटमधून सूर कमी, वारा जास्त! इकडे चर्चच्या शंभरीला तीन आठवडे उरलेले, आणि पहिली धून वाजवायची ती त्यानेच.

इतक्यात बातमी आली, ऑकलंडहून दात बसवणाऱ्या डॉक्टरीणबाई महिनाभर इस्पितळात आहेत. गडी आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला मानाची नवी चटई गुंडाळून निघाला आणि दारातूनच माघारी फिरला. डॉक्टरीण कोण, तर त्याची चुलत बहीण मेलेआना! आमच्या टोंगात बहिणीचा मान भावाहून मोठा. तिच्यासमोर भाऊ पाय पसरून बसत नाही, मग आडवा पडून आ कुठला वासतोय?

"बहिणीला बोळकं दाखवू? त्यापेक्षा बँड सोडतो," तो घरी येऊन म्हणाला.

पण घरात वाइमोआना आत्या होती. वडिलांच्या बहिणीपुढे आमचे पाद्रीसुद्धा आवाज चढवत नाहीत.

"ऊठ. मी बसते मधे," आत्या म्हणाली.

आणि इस्पितळात खरंच बसली, दोघांच्या मधे, खुर्चीला खुर्ची लावून. भाऊ बहिणीकडे बघेना, बहीण भावाशी बोलेना.

"आत्या, त्याला सांग, हाडात इम्प्लांट बसवलं तर ते धरायला काही महिने जातील."

"ऐकलंस?"

"तिला सांग, शंभरी तीन आठवड्यांवर आलीय."

"काढ-घाल करायची कवळी लवकर होईल, आत्या."

"आणि फुंकलं की बँडमास्तरच्या टकलावर जाईल!" फेलेती बोलून गेला. बहिणीदेखत थट्टा! बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्कआड मेलेआनाचे खांदे मात्र गदगदत होते.

"हसू नकोस गं, हात हलेल," आत्या म्हणाली.

शेवटी ठरलं, शेजारचे दात जरा घासून त्यांच्या आधाराने पक्का ब्रिज बसवायचा. मेलेआनाने कॉर्नेटही मागवून घेतला. फुंकताना ओठ कुठे टेकतो ते आत्याच्या खांद्यावरून पाहिलं, आणि त्या बेताने दात घडवले.

शंभरीला पहिला सूर असा सुटला की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा गप्प झाली. बायका नाचायला उठल्या. फेलेतीला घाम फुटलेला, पण सूर कुठे हलला नाही.

पंगतीत आत्या ओरडली, "मेलेआना, हा म्हणतोय, दात झकास!"

मेलेआना खाली मान घालून म्हणाली, "त्याला सांग आत्या, डुकराचं कडक कातडं समोरच्या दातांनी तोडायचं नाही."

आत्याने ते साऱ्या गावाला ऐकवलं, आणि फेलेतीच्या ताटातलं कुरकुरीत कातडं उचलून स्वतःच मटकावलं.